राजधानीतील गाळखत

अमेरिकेतील शहरी माणूस साखळी ओढून मोकळा होतो आणि पुढचे सारे यंत्रे पाहून घेतात, हा महाराष्ट्रात रूढ असलेला समज वॉशिंग्टनपुरता तरी अपुरा आहे. कारण १९७६ च्या द्विशताब्दी महोत्सवासाठी लिंकन स्मारकाजवळ उभारलेल्या कॉन्स्टिट्यूशन गार्डन्सच्या मातीत मैल्याच्या गाळाचे कंपोस्ट मिसळलेले आहे आणि त्यावर पर्यटक निःशंकपणे बसतात.

सांडपाणी निवळल्यावर उरणारा गाळ पिळून काढला, तरी त्यात सुमारे चार पंचमांश पाणीच राहते. त्याचा नुसता ढीग घातल्यास आत हवा शिरत नाही आणि तो कुजण्याऐवजी सडतो. शेजारच्या मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे केंद्रीय कृषी खात्याच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात यावर काढलेली तोड जवळजवळ अडाणी वाटावी इतकी सोपी आहे : गाळात लाकडाच्या ढलप्या मिसळायच्या, भोके पाडलेल्या नळ्यांवर ढीग रचायचा, वर तयार कंपोस्टचे पांघरूण घालायचे आणि पंख्याने हवा खेळवायची. सुमारे तीन आठवड्यांनी तो महिनाभर मुरवून चाळला की ढलप्या पुन्हा वापरता येतात. १९९३ च्या केंद्रीय नियमांनुसार असा ढीग सलग तीन दिवस किमान ५५ अंश सेल्सिअस तापला पाहिजे आणि शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंच्या मर्यादाही पाळल्या पाहिजेत.

ढलप्यांची जागा घेऊ शकेल असे उसाचे पाचट महाराष्ट्रात आजही फडातच पेटवले जाते आणि मैलाशुद्धीकरणाची चर्चा शुद्ध झालेल्या पाण्यापाशी थांबते. गाळाचे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारते. विषय निघालाच, तर नगरपालिका सोनखत विकत असत त्या काळाचे गोडवे गायले जातात. तो मैला खड्ड्यापर्यंत डोक्यावरून कोणत्या जातीच्या माणसांनी वाहिला, हे मात्र सोयीस्करपणे गाळले जाते. त्यातही चीड आणणारी गोष्ट अशी की, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने रोज १०० टन वाळवलेल्या गाळावर गॅमा किरण सोडून त्यातील जंतू मारणारे केंद्र २०१९ मध्ये उभे राहिले, ते अहमदाबादेत.

अमेरिकेचे सारेच अनुकरणीय आहे, असे मात्र नाही. वॉशिंग्टनचे ब्लू प्लेन्स केंद्र आता गाळ दाबाखालील वाफेत शिजवते, त्यातून निघणाऱ्या वायूवर वीज करते आणि उरलेले ‘ब्लूम’ नावाने बागकाम करणाऱ्यांना विकते. तर मेन राज्याने २०२२ मध्ये गाळ शेतात टाकण्यावर आणि त्याचे कंपोस्ट विकण्यावरही बंदी घातली. नॉनस्टिक भांड्यांपासून अग्निशामक फेसापर्यंत वापरली जाणारी पीएफएएस रसायने तेथील शेतांत, विहिरींत आणि दुधात सापडली होती. ढिगाच्या उष्णतेने जंतू मरतात, ही रसायने मोडत नाहीत. कारखान्यांचे पाणी जेथे घरगुती गटारांत सोडले जाते, अशा महाराष्ट्रातील शहरांनी म्हणूनच ढलप्या किंवा पाचट जमवण्याआधी गाळ प्रयोगशाळेत पाठवावा.