गेमिंगसाठी लॅपटॉप की डेस्कटॉप? नाव नंतर, आधी वॅट विचारा

कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू झालं की आपल्या इंदूरातल्या बऱ्याच घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बाबा, अभ्यासासाठी लॅपटॉप हवाय." वाक्य खोटं नसतं, पण अर्धं असतं. उरलेलं अर्धं म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए नाहीतर काउंटर-स्ट्राइक. त्या अर्ध्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मग आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुकानदार जे पुढे करेल ते घेतलं जातं, आणि पुढची चार वर्षं त्याच्याशीच संसार करावा लागतो. मध्यमवर्गीय घरात एवढे पैसे एकदाच निघतात. म्हणून मित्रांनो, दुकानाची पायरी चढण्याआधी थोडा हिशेब करू या.

एकच नाव, वेगळी ताकद

गेम चालतो तो मुख्यतः ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर. लॅपटॉपच्या डब्यावर 'आरटीएक्स ४०६०' असं लिहिलेलं असतं, डेस्कटॉपच्या कार्डावरही तेच. म्हणून आपण समजतो की दोन्ही सारखेच. पण कार्डाला किती वीज खायला मिळते, यावर त्याचा वेग ठरतो. डेस्कटॉपचं ४०६० कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपमधल्या ४०६०ला मात्र ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही द्यायची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिली आहे. पातळ, दिसायला देखणा लॅपटॉप असेल तर वॅट कमी, कारण उष्णता बाहेर काढायला आत जागाच नसते. म्हणजे एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी एक दुसऱ्यापेक्षा बराच मागे पडू शकतो.

वरच्या कार्डांत तर चिपच वेगळी असते. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. नाव तेच, माल वेगळा! तेव्हा लॅपटॉप घेताना "कार्ड कोणतं?" एवढं विचारून थांबू नका. "भिया, याचा टीजीपी किती वॅट?" असं विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत बघा. तिथेही नसेल, तर ते मॉडेल सोडलेलं बरं.

इंदूरचा उन्हाळा आणि इंदूरची वीज

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पंखा गरमच हवा फेकतो आणि लॅपटॉपही तीच हवा आत ओढतो. प्रोसेसर नव्वद-पंचाण्णव अंशांच्या आसपास पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग अडखळायला लागतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. डेस्कटॉपच्या मोठ्या पेटीत हवा खेळती राहते, पंखे मोठे असतात, धूळ साफ करणंही सोपं असतं. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळलात तर खालची जाळी बंद होते, मग उन्हाळाच काय, डिसेंबरातही तो तापेल.

उलट बाजूही बघा. पावसाळ्यात लाइट गेली की डेस्कटॉप तिथल्या तिथे बंद. लिहीत असलेला निबंधही गेला आणि रँकही गेली. म्हणून डेस्कटॉपच्या खर्चात यूपीएस धरायलाच हवा. नेहमीचा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो, तोही काही मिनिटंच. तो गेम संपवायला नसून फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला आहे. राजवाड्याकडच्या जुन्या घरांत राहत असाल तर एकदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही तपासून घ्या.

लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे निबंध वाचतो. पण "बॅटरीवर कुठेही गेम खेळता येतो" या बोलण्यावर फार विसंबू नका. मोठी बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. गेम १५० वॅट खात असेल तर ती ३६ मिनिटांत रिकामी. प्रत्यक्षात बॅटरीवर लॅपटॉप कार्डाची वीजच कापतो, म्हणजे वेळ थोडा वाढतो आणि गेम मंदावतो. गेमिंग लॅपटॉप हा एका सॉकेटवरून दुसऱ्या सॉकेटपर्यंत नेण्याची वस्तू आहे, असंच समजा.

बिलाचा हिशेबही सोपा आहे. मॉनिटरसकट डेस्कटॉप गेम खेळताना ३५० वॅट घेतो असं धरा. रोज तीन तास म्हणजे १.०५ युनिट, महिन्याला साधारण ३१ युनिट. लॅपटॉप १८० वॅटचा धरला तर महिन्याला १६ युनिट. भंवरकुआंकडे पीजीत राहणाऱ्यांनी, जिथे मीटर वेगळं असतं तिथे, हा फरक लक्षात ठेवावा.

चार वर्षांनंतर काय?

डेस्कटॉपची खरी कमाई इथे आहे. रॅम कमी पडली, बदला. कार्ड जुनं झालं, विका आणि नवं लावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या. त्यावरचे पहिले रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये आले, आणि २०२२ मध्ये आलेला ५८०० एक्स३डी त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर बायॉस अपडेट करून बसवता आला. पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून मशीन तरुण!

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड मदरबोर्डलाच डकवलेले असतात. एसएसडी आणि बहुधा रॅम वाढवता येते, तेवढंच. कार्ड गेलं तर मदरबोर्डच बदलावा लागू शकतो, आणि वॉरंटी संपल्यावर तो खर्च ऐकून डोळे पांढरे होतात. डेस्कटॉपच्या प्रत्येक भागाची वॉरंटी निराळी असते, म्हणून सगळी बिलं एका पाकिटात जपून ठेवा.

पैसे कमी असतील तर डेस्कटॉपमध्ये टप्प्याटप्प्याने जाता येतं. रायझन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. व्हॅलोरंटसारखा हलका गेम त्यावर आरामात चालतो. वर्षभराने पैसे जमले की वेगळं कार्ड लावा. फक्त अशा मशीनमध्ये १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमच्याच मेमरीवर जगतं, आणि दोन पट्ट्यांनी तिचा रस्ता दुप्पट रुंद होतो.

मग घ्यायचं काय?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, मशीन घराबाहेर किती वेळा न्यावं लागणार? हॉस्टेल, प्रोजेक्ट, सुटीत गावी जाणं असं असेल तर लॅपटॉपच. दोन, घरात टेबल, खुर्ची आणि दोन प्लगांची कायमची जागा आहे का? नसेल तर डेस्कटॉप कोपऱ्यात धूळ खाईल. तीन, कोणते गेम खेळणार? हलके गेम किंवा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी' एवढंच खेळायचं असेल, तर फार महाग कार्डाची गरजच नाही.

डेस्कटॉपची किंमत लॅपटॉपशी ताडताना मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वाय-फाय आणि यूपीएस हे सगळं बेरजेत धरा. नाहीतर दुरून डोंगर साजरे. एवढं धरूनही, घरीच राहून शिकणाऱ्याला सारख्या पैशांत डेस्कटॉप बहुधा जास्त वेग देतो आणि जास्त वर्षं टिकतो. रोज फिरणाऱ्याला मात्र तो कितीही वेगवान असला तरी निरुपयोगी. आणि देवनागरीत कविता टंकायला दोन्ही सारखेच, तिथे कार्ड आड येत नाही.

शेवटची गोष्ट तंत्राची नाही. घरी पूर्ण वाक्य सांगा : "अभ्यासाला हवाय, आणि गेमही खेळणार आहे." बाबा कदाचित भुवया उंचावतील. पण गरज खरी सांगितली की हिशेब खरा होतो, आणि पैसे त्यांचेच असल्यामुळे तो हिशेब त्यांच्याबरोबर बसूनच व्हायला हवा.