करडाचे मागचे पाय लुळे पडले तर

रत्नागिरीतल्या शेळीपालकांनो, बाहेरून सानेन किंवा अल्पाइन रक्ताची शेळी आणताय? आधी तिची रक्ततपासणी करून घ्या. कॅप्राइन आर्थ्रायटिस एन्सेफलायटिस, म्हणजे सीएई, या विषाणूची लागण करडाला मुख्यतः आईच्या चिकातून आणि दुधातून होते. २ ते ६ महिन्यांचं करडू मागच्या पायांनी लटपटतं, मग उठतच नाही. डोळे मात्र तरतरीत, पाला समोर धरला तर खातंसुद्धा. बघवत नाही हो! मोठ्या शेळीचे गुडघे सुजतात, कास दगडासारखी होते, फुप्फुसं बिघडली की धाप लागते. पुष्कळ शेळ्या तर वरून ठणठणीतच दिसतात.

यावर लस नाही, औषध नाही. बाधित शेळीचं करडू जन्मताच वेगळं करा. चीक ५६ अंश सेल्सिअसवर तासभर ठेवून मगच पाजा. जास्त तापवलात तर खरवसासारखा घट्ट होईल.