याप्य व्याधी आणि आरोग्य विमा : केसपेपरवरील एका तारखेचे मोल

व्याधींचे साध्यासाध्यत्व सांगताना शास्त्रकारांनी ‘याप्य’ हा वर्ग वेगळा ठेवला आहे. पथ्य व औषध चालू आहे तोवर व्याधी आवाक्यात राहतो, ते सुटले की उचल खातो. कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य आणि वातज असाध्य, हे आपण सर्वांनी महाविद्यालयात पाठ केलेले आहे. विमा कंपन्या ज्यांना दीर्घकालीन आजार म्हणतात ते मधुमेह, उच्च रक्तदाब, आमवात, तमकश्वास यांसारखे विकार बहुतांशी याच वर्गात बसतात. अशा रुग्णाने आरोग्य विमा कसा निवडावा, हा प्रश्न आता आपल्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारला जातो. रावेर-यावलचा केळी बागायतदार असो वा धुळ्याचा यंत्रमागधारक, एजंटाने दिलेला कागद तो सही करण्यापूर्वी घरच्या वैद्याला दाखवतो. म्हणून या विषयाची माहिती आपणांस असणे अगत्याचे आहे.

सर्वांत मोठा गैरसमज प्रस्ताव पत्रक भरतानाच होतो. “अ‍ॅलोपॅथीची गोळी चालू नाही, फक्त आयुर्वेदिक औषध घेतो” असे म्हणून रुग्ण मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ लिहितो. काही एजंटही तसेच सुचवतात. विमा नियामक प्राधिकरणाची व्याख्या मात्र वेगळी आहे. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान झाले, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार मिळाला, तो ‘पूर्वीपासूनचा आजार’ होय. आणि सल्ला देणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकांत भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेकडे नोंदणी असलेला वैद्यही येतो. म्हणजेच आपण लिहून दिलेला निशा-आमलकीचा कागद हा उपचाराचा पुरावा आहे. रुग्णाला तो घरगुती उपाय वाटतो, दावा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तसा वाटत नाही. शिवाय पत्रकात काही प्रश्न ‘पूर्वी कधी झाला होता काय’ असेही असतात. त्यांचे उत्तर त्या प्रश्नाप्रमाणेच द्यावयाचे असते.

आजार लपवून रुग्णाचा लाभ तरी होतो काय? पूर्वीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असे. १ एप्रिल २०२४ पासून ही कमाल मर्यादा ३६ महिने झाली. प्रमेह जाहीर करणाऱ्यास त्याच्याशी निगडित उपचारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. या काळात अपघाताचा खर्च पहिल्या दिवसापासून, आणि सुरुवातीचे ३० दिवस सरल्यावर डेंग्यू, न्यूमोनिया यांसारख्या असंबद्ध आजारांचा खर्च त्यास मिळू शकतो. लपवणाऱ्याची मात्र संपूर्ण पॉलिसीच संशयाखाली येते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. तथापि फसवणूक सिद्ध झाल्यास ते संरक्षणही उरत नाही. आजार जाहीर केल्यावर कंपनी हप्ता वाढवू शकते किंवा प्रस्ताव नाकारू शकते, हे खरे. तसे झाल्यास दुसऱ्या कंपनीकडे विचारणा करावी. काही कंपन्या मधुमेहींसाठी कमी प्रतीक्षाकाळाच्या खास पॉलिसी देतात, मात्र त्यांचा हप्ता जास्त असतो.

आता केसपेपरविषयी. आपल्यापैकी बरेच जण ‘मधुमेह, जुना’ किंवा ‘५-६ वर्षांपासून’ असे लिहून पुढे जातात. चिकित्सेच्या दृष्टीने तेवढे पुरते, विम्याच्या दृष्टीने ते घातक आहे. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची व आजार तीन वर्षांपूर्वीचा असला, तरी त्या अंदाजे आकड्यामुळे आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो. रुग्णालयात दाखल करताना नातेवाईक घाईत “दहा वर्षं झाली असतील” असे सांगतात आणि शिकाऊ डॉक्टर तेच उतरवून घेतो. पुढे ते खोडून काढणे फार कठीण जाते. म्हणून प्रथम निदानाचा दिनांक, त्या दिवशीची रक्तशर्करा व प्रयोगशाळेचा अहवाल यांची नोंद केसपेपरवर करून त्याची प्रत रुग्णास द्यावी. याच्या उलट विनंतीही येते : “डॉक्टरसाहेब, तेवढं पाच वर्षांचं काढून टाका.” ती मान्य करू नये. असा खोटा दाखला रुग्णास तारत नाही, आपली नोंदणी मात्र धोक्यात आणतो.

पॉलिसी निवडताना विमा रकमेच्या मोठ्या आकड्यापेक्षा वजावटीच्या अटी आधी पाहाव्यात. दाव्यातील काही टक्के वाटा रुग्णाने सोसावा, अशी अट अनेक पॉलिसींत असते. प्रमाणित ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत तो ५ टक्के आहे. खोलीभाड्याची मर्यादा तर फसवी ठरते. मर्यादा ४,००० रुपयांची असून खोली ८,००० ची घेतली, तर डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियेचा खर्चही निम्म्यावर येऊ शकतो. औषधांच्या बिलास मात्र ही प्रमाणशीर कपात लागू नाही. काही पॉलिसींत लहान शहरांसाठी हप्ता कमी असतो, पण मुंबई-पुण्यात उपचार घेतल्यास वाटा वाढतो. खान्देशातील गुंतागुंतीचा रुग्ण अनेकदा नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठतो, तेव्हा ही अट आवर्जून वाचावी. कंपनी बदलावयाची झाल्यास नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा. भरलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

ज्यास हप्ता परवडत नाही वा कंपनी घेत नाही, त्याने शासकीय योजनेकडे वळावे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होता. जळगावास ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. हीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण प्रतिकुटुंब ५ लाख रुपये झाले व सर्व शिधापत्रिकाधारक तीत आले. पूर्वीच्या आजाराची अट वा प्रतीक्षाकाळ येथे नाही, डायलिसिसही समाविष्ट आहे. मात्र रुग्णालय योजनेशी संलग्न हवे आणि उपचार यादीतील हवा. सत्तरी ओलांडलेल्यांस ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेतून ५ लाखांचे संरक्षण मिळते.

आपल्या रुग्णालयांविषयीही थोडे. १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना विम्यात इतर उपचारांच्या बरोबरीने स्थान द्यावे, असा नियामकाचा आदेश आहे. परंतु खासगी आयुष रुग्णालयाची स्थानिक नोंदणी, किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र वैद्य, स्वतंत्र चिकित्साकक्ष व दररोजच्या नोंदी आवश्यक आहेत. आमवाताच्या रुग्णास दाखल करून दिलेला बस्तिक्रम या चौकटीत बसू शकतो. दाखल न होता घेतलेले नुसते अभ्यंग-स्वेदन बसत नाही, आणि बाह्यरुग्णाची मासिक औषधे सर्वसाधारण पॉलिसीत येत नाहीत, हे रुग्णास आधीच सांगावे.

औषधी विक्रेत्या बंधूंनी दाखल रुग्णाच्या औषधांचे बिल ‘आयुर्वेदिक औषधे, एकूण रु.’ अशा एका ओळीत देऊ नये. रुग्णाचे नाव, वैद्याचे नाव, दिनांक, प्रत्येक कल्पाचे नाव, बॅच क्रमांक व किंमत बिलावर असावी आणि सोबत चिठ्ठीची प्रत जोडावी. ‘आरोग्य संजीवनी’त दाखल होण्यापूर्वीचे ३० व घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस यांतील त्याच आजाराच्या औषधांचा खर्चही मागता येतो. म्हणून घरी सोडताना दिलेल्या औषधांची चिठ्ठी रुग्णाने जपून ठेवावी, हे काउंटरवरच सांगितलेले बरे.