जुन्या मोटारीतील बटन-स्टार्टर : जोडणी व सुरक्षितता

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर आला व हँडल मारण्याचे धोके टळू लागले. किल्लीच्या जुन्या गाडीत बटन बसविताना मात्र नवा धोका संभवतो. स्टार्टर मोटर १०० हून अधिक अँपिअर प्रवाह घेते. तिच्या सोलेनॉइडचा प्रवाहही लहान बटनास पेलत नाही. म्हणून रिले आवश्यक ठरतो. त्याच्या ३० क्रमांकाच्या टोकास बॅटरीची तार फ्यूजमार्गे जोडावी. ८७ ची तार सोलेनॉइडकडे न्यावी. इग्निशन चालू असतानाच मिळणारा पुरवठा बटनातून ८६ ला द्यावा आणि ८५ क्लच-स्विचमार्गे अर्थ करावे. अन्यथा गिअरमधील गाडी बटन दाबताच पुढे झेपावते. बटन मुलाच्या हाती लागले तरी किल्ली व क्लच यांविना इंजिन फिरत नाही, हेच या जोडणीचे फलित होय.