अकरा नंबरचा नट आणि त्याचा माल

मजुरी वाढवून मागायला गेलेल्या माणसाला आपल्या बाजारात एक ठरलेले उत्तर मिळते: तुझ्यासारखे पन्नास मिळतात. विणकराला हे उत्तर मिळते, जरीवाल्याला मिळते, शिवणकाम करणाऱ्याला मिळते. मी विशीत असताना कापडाच्या एका घाऊक गादीवर गुमास्ता होतो, तेव्हा मलाही मिळाले होते. शेठनी ते रागाने सांगितले नाही. पानाला चुना लावता लावता सहज सांगितले, आणि खरे बोलायचे तर ते खोटेही नव्हते. दाराबाहेर पन्नास जण खरोखरच उभे होते.

म्हणून टेलर शेरिडन या अमेरिकन नटाची हकीकत वाचनात आली तेव्हा मी थबकलो. टेलिव्हिजनच्या या नटालाही हेच उत्तर मिळाले होते, आणि आकडासुद्धा पन्नासचाच! त्यानंतर या माणसाने अभिनय सोडला, कागद-पेन धरले, आणि पंधरा वर्षांच्या आत तिकडच्या टेलिव्हिजनवरील सर्वांत महागड्या लेखकांत त्याची गणना होऊ लागली. हे पान व्यापाराचे आहे, सिनेमाचे नाही, हे मला ठाऊक आहे. मला जे सांगायचे आहे तेही व्यापाराचेच आहे.

शेरिडनचा जन्म १९७० चा. तो वाढला टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थच्या बाजूला. टेक्सास म्हणजे गुरांचा आणि तेलाचा मुलूख. तिथे क्रॅनफिल्स गॅप नावाच्या लहानशा गावाजवळ त्याच्या घरच्यांचे रँच होते. रँच म्हणजे गुरे आणि घोडे पाळण्याचे मोठे रान. पुढे आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि ते रान हातचे गेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे दोनदा परत येते.

कॉलेजात त्याने नाट्यकलेचा अभ्यास घेतला, पण तो अर्धवट सोडला. ऑस्टिन शहरात लोकांच्या अंगणातले गवत कापणे, घरे रंगवणे अशी कामे केली. एका मॉलमध्ये नवे चेहरे शोधणाऱ्या माणसाची नजर त्याच्यावर पडली आणि गडी नट होण्यासाठी घराबाहेर पडला. १९९५ मध्ये ‘वॉकर, टेक्सास रेंजर’ या मालिकेत त्याला काम मिळाले. त्यानंतर वर्षानुवर्षे इथे एक भाग, तिथे दोन भाग. २००५ नंतर ‘व्हेरोनिका मार्स’मध्ये येऊन-जाऊन काम, आणि २००८ पासून ‘सन्स ऑफ अनार्की’ या गाजलेल्या मालिकेत पोलीस अधिकारी डेव्हिड हेलची भूमिका. रोजगार होता, चेहरा ओळखीचा झाला होता, पण नाव कोणाच्या तोंडी नव्हते.

चित्रीकरणाच्या दिवशी कोणी किती वाजता हजर राहायचे याची एक यादी निघते. तीत नटांना नंबर दिलेले असतात. एक नंबर म्हणजे नायक, मग दोन, तीन असे खाली. शेरिडनचा नंबर होता अकरा. कराराचे बोलणे निघाले तेव्हा त्याने मेहनताना वाढवून मागितला. शेरिडनने पुढे मुलाखतीत जे सांगितले त्याचा मतलब असा, की कंपनीच्या हिशोब पाहणाऱ्या वकिलाने त्याच्या वकिलाला साफ ऐकवले: त्याला जास्त मिळायला हवे असेलही, पण आम्ही देणार नाही, कारण त्याच्यासारखे पन्नास आहेत, तो अकरा नंबरचा आहे आणि अकराच राहणार. २०१० मध्ये मालिकेचा तिसरा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच भागात डेव्हिड हेलला गाडीखाली चिरडून मोकळे केले. हिशोब मिटला.

शेरिडन तेव्हा चाळिशीला टेकला होता आणि संसार वाढत होता. त्या वकिलाने अपमान केला असे आपण म्हणू, पण शेरिडनने त्यातून भाव समजून घेतला. नट आपला चेहरा आणि आपला वेळ विकतो, आणि तो एक नंबरचा नसेल तर त्याच्या जागी दुसरा उभा करता येतो. यंत्रमागाच्या गावात खर्चीवाल्याचे हेच होते. माग त्याचा, वीज त्याची, घाम त्याचा. पण सूत व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचे. त्याला मिळते ती फक्त विणाईची मजुरी, आणि तिचा दर ठरवतो सूत देणारा. बाजार मंदावला की पहिला माग थांबतो तो खर्चीवाल्याचा. त्याला दर वाढवून मिळत नाही, कारण गल्लीच्या पलीकडे तसलाच माग चालू असतो.

शेरिडनने सूत स्वतःचे घ्यायचे ठरवले. तो पटकथा लिहू लागला. (आमच्या उर्दू शाळेत हा शब्द नव्हता. उर्दूत पटकथेला मंजरनामा म्हणतात, आणि हा शब्दही मी फार उशिरा शिकलो.) लिखाणाचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. वीस वर्षे नट म्हणून त्याच्या हातात ढीगभर पटकथा आल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी टाकाऊ, आणि काय लिहायचे नाही हे आपण त्यांतूनच शिकलो असे तो सांगतो. मला हे पटते. कापडाची पारख मलाही चांगल्या थानांपेक्षा गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या थानांनी जास्त शिकवली.

या धंद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिकडे लेखक दोन प्रकारे लिहितो. एक, निर्मात्याची ऑर्डर घेऊन. मग मजुरी आधी ठरते. दोन, ऑर्डरीविना, स्वतःच्या जोखमीवर माल तयार करायचा आणि बाजारात न्यायचा. कोणाला पसंत पडला तर तो थोडा बयाणा देऊन काही मुदतीसाठी हक्क अडवून ठेवतो. चित्रपट खरोखर निघाला तर पुरी किंमत. नाही निघाला तर बयाण्यावर समाधान. दुसऱ्या रीतीत भुकेची भीती मोठी, पण भांडवल म्हणाल तर कागद आणि वेळ. शेरिडनने ही दुसरी वाट धरली. काही माल गोदामात पडूनही राहिला. ‘मेयर ऑफ किंग्जटाउन’ ही मालिका त्याने नट ह्यू डिलनबरोबर अगदी सुरुवातीच्या काळात रचली होती; ती पडद्यावर आली २०२१ मध्ये.

पहिला मोठा सौदा ‘सिकारिओ’चा. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सरहद्दीवरील अंमली पदार्थांच्या धंद्याची ही कथा, दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह, साल २०१५. पुढच्याच वर्षी आला ‘हेल ऑर हाय वॉटर’. हॉलिवूडमधील मंडळी दरवर्षी न निघालेल्या पण आवडलेल्या पटकथांची एक यादी करतात. २०१२ च्या त्या यादीत ही कथा ‘कोमांचेरिया’ या नावाने होती, म्हणजे पसंत पडूनही तिला पडदा मिळायला चार वर्षे लागली.

या चित्रपटाबद्दल थोडे जास्त लिहिण्याचा मोह आवरत नाही. टेक्सासमध्ये एका म्हातारीने रँच गहाण ठेवून बँकेकडून पैसे घेतलेले असतात. कर्ज असे, की हयातीत हप्ता भरायचा नाही, व्याज मुद्दलात चढत जाते, आणि माणूस गेला की वारसांनी सगळे फेडायचे, नाहीतर जमीन बँकेची. म्हातारी मरते. त्याच जमिनीखाली तेल निघालेले असते. तिचे दोन मुलगे त्याच बँकेच्या लहान लहान शाखा लुटतात आणि तोच पैसा फिरवून त्याच बँकेचे कर्ज फेडतात! लुटीचे समर्थन मी करणार नाही, आणि चित्रपटही सोपे समर्थन करत नाही. लुटीत माणसे मरतात. पण चढत्या व्याजाने जमीन कशी खाल्ली जाते हे ज्याने आपल्या घरात किंवा शेजारी पाहिले आहे त्याला ही कथा परकी वाटणार नाही. ज्याच्या घरचे रान एकदा गेले, त्याच्याच हातून असे लिखाण उतरते. ऑस्करसाठी या चित्रपटाला चार नामांकने मिळाली, त्यांत उत्तम चित्रपट आणि उत्तम मूळ पटकथा होती. इनाम मिळाले नाही, पण भाव वधारला.

‘विंड रिव्हर’ (२०१७) त्याने स्वतः दिग्दर्शित केला. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वसाहतीत एका तरुणीच्या मृत्यूचा तपास हा त्याचा विषय. कान महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. चित्रपटाचे वितरण वाइनस्टाइन कंपनीकडे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात हार्वे वाइनस्टाइनवर अनेक स्त्रियांनी अत्याचाराचे आरोप केले. स्त्रीवरील अत्याचाराचा चित्रपट आणि त्यावर छाप अशा माणसाची! चित्रपटकर्त्यांनी आग्रह धरून घरगुती विक्रीच्या मालावरून ते नाव काढायला लावले आणि पुढच्या उत्पन्नातला वाटा मूळ रहिवासी स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे वळवला. थानावरचा छाप पुसणे किती अवघड असते हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको.

मग आली ‘यलोस्टोन’. माँटाना राज्यातील एका मोठ्या रँचच्या मालकाची आणि त्याच्या मुलांची जमिनीसाठी चाललेली लढाई. एचबीओ या मोठ्या वाहिनीकडे ही कल्पना आधी गेली होती. तिथे ती रुजली नाही. २० जून २०१८ रोजी ती पॅरामाउंट नेटवर्कवर सुरू झाली, नायक केव्हिन कॉस्टनर. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी आरंभी नाके मुरडली, पण प्रेक्षक वाढत गेले आणि ती अमेरिकेतील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांपैकी एक झाली.

इथे कंपनीच्या हातून झालेली व्यापारी चूक मोठी आहे. २०२० मध्ये कंपनीने ‘यलोस्टोन’चे इंटरनेटवरून दाखवण्याचे हक्क पीकॉक या दुसऱ्या घराण्याच्या दुकानाला विकून टाकले. पुढच्याच वर्षी, मार्च २०२१ मध्ये, कंपनीने आपले स्वतःचे दुकान उघडले, पॅरामाउंट प्लस. सर्वांत जास्त खपणारा माल मात्र समोरच्या दुकानात! आता गिऱ्हाईक आणायचे कसे? मग शेरिडनलाच सांगावे लागले की त्याच नक्षीचे नवे कापड विण. त्याने ‘१८८३’, ‘१९२३’ या त्याच घराण्याच्या पूर्वजांच्या मालिका दिल्या. शिवाय ‘तुलसा किंग’, ‘लायनेस’, ‘लँडमन’. ज्याला अकरा नंबर दिला होता त्याच्या लेखणीवर एका कंपनीचे दुकान उभे राहिले.

तो नुसता लेखक राहिला नाही. टेक्सासमधील सिक्सेस म्हणजे ६६६६ हे १८७० मध्ये बर्नेट घराण्याने सुरू केलेले रँच विक्रीला निघाले. जमीन सुमारे २ लाख ६६ हजार एकर, मागणी सुमारे ३४ कोटी डॉलरची. शेरिडनने भागीदार जमवले आणि २०२२ मध्ये हा व्यवहार पुरा झाला. गेलेले रान परत आले, म्हणायचे तर असे. व्यापारी वृत्तपत्रांनी छापले, की मालिकांचे चित्रीकरण त्याच्या रँचवर झाले की कंपनी त्याला भाडे भरते, आठवड्याला ५० हजार डॉलरपर्यंत. आणि पडद्यावर दिसणाऱ्या गुरांचे डोईमागे २५ डॉलर वेगळे. नटांना घोड्यावर बसायला शिकवायचे तेही त्याच्याकडेच. सूत त्याचे, माग त्याचा, आणि शेडचे भाडेही त्यालाच.

पण पुढचे लपवून सांगणे बरोबर नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने संप केला, २ मे ते २७ सप्टेंबर, १४८ दिवस. एक मागणी अशी होती की मालिकेमागे ठराविक संख्येने लेखक नेमलेच पाहिजेत, नाहीतर नवी पोरे काम शिकणार कधी आणि खाणार काय? शेरिडन आपल्या मालिका बहुतेक एकट्याने लिहितो. त्या जूनमध्ये त्याने मुलाखतीत या सक्तीला उघड विरोध केला. समझोत्यात किमान संख्या ठरली, पण सगळे भाग एकच लेखक लिहीत असेल तर त्याला सूट मिळाली. त्याचे काम निभावले. मला यात त्याची बाजू समजते. उस्तादाच्या नक्षीत दुसऱ्याचा हात लागला की नक्षी बिघडते. तरी ज्याला स्वतःला कोणी पन्नासांतला एक म्हटले, त्याने दाराबाहेर उभ्या असलेल्या पन्नासांकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे होते असेही वाटते. आणि एकट्याने इतके माग चालवल्यावर एखादा तागा सैल निघतोच. ‘यलोस्टोन’चा शेवटचा हंगाम लांबला, कॉस्टनर बाहेर पडला, आणि २०२४ अखेर ती मालिका नायकावाचून संपवावी लागली.

ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट स्कायडान्स कंपनीच्या हाती गेली. दोनच महिन्यांत बातमी आली की शेरिडनने एनबीसी युनिव्हर्सलशी करार केला आहे: चित्रपटांचे काम आधी, मालिकांचे २०२९ पासून, कारण जुन्या घराचा करार २०२८ अखेरपर्यंत आहे. पीकॉक हे दुकान याच एनबीसी युनिव्हर्सलचे.