कर्मचारी नवे सॉफ्टवेअर केव्हा स्वीकारतात? : बँकांच्या संगणकीकरणाची साक्ष

कार्यालयात नवे सॉफ्टवेअर आले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. वरिष्ठ म्हणतात, "लोकांना बदल नकोच असतो." कर्मचारी म्हणतात, "आमचं जुनंच बरं होतं." यातले पहिले वाक्य निदान म्हणून मान्य केले की उपायही ठरून जातो : दोन दिवसांचे प्रशिक्षण, एक परिपत्रक आणि 'उद्यापासून सक्तीचे' असा शेरा. मला हे निदानच तपासून पाहावेसे वाटले. त्यासाठी आपल्या बँकांच्या संगणकीकरणाइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. गेली काही वर्षे मी त्या काळातले अहवाल वाचतो आहे आणि निवृत्त बँक कर्मचाऱ्यांशी बोलतो आहे.

आधी थोडा इतिहास. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणताच कोलकात्यात तीव्र आंदोलन झाले. पुढे स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, तिचा अहवाल १९७२चा. बँकांमध्ये १९८३ साली व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने शाखांच्या यंत्रीकरणाचा आराखडा दिला तो १९८४ साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. यंत्र शाखेच्या दारात येण्याआधी नोकरीचे काय, जादा कौशल्याचा भत्ता किती, हे प्रश्न टेबलावर आले होते. ते सगळे सुटले असे नाही, पण ते विचारणे हा अडाणीपणा आहे असे कुणाला म्हणता येईना.

आता शाखेत जाऊ. बचत खात्यावरचे व्याज २०१०पर्यंत एका विशिष्ट रीतीने आकारले जाई. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज. हाताने लिहिण्याच्या काळात कारकुनाला लेजरच्या प्रत्येक पानावर बोट फिरवत तो सर्वांत लहान आकडा शोधावा लागे. सहा महिन्यांचे असे सहा आकडे, त्यांची बेरीज, मग व्याज. आणि खाती हजारो. त्याच्या जोडीला बॅलन्सिंग. सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही की शोधाशोध सुरू. फरकाला नवाने नि:शेष भाग गेला, तर कुठेतरी ५४चे ४५ लिहिले गेले असावेत, हा आडाखा जुन्या माणसांच्या बोटांवर असे. रात्री उशिरापर्यंत शाखेचे दिवे जळत ते यासाठी.

यंत्राने हेच काम आधी उचलले. मला भेटलेल्या अनेकांचे मन पहिल्यांदा वळले ते सहामाही व्याज मशीनने काढले तेव्हा. अमेरिकी अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेले निष्कर्ष याच्याशी जुळतात. एखादी प्रणाली वापरायला सोपी आहे का, यापेक्षा ती आपल्या कामाला उपयोगी पडते का, या समजुतीचा तिच्या वापराशी अधिक घट्ट संबंध असतो, असे त्यांना आढळले. अवघड गोष्टही माणूस शिकतो. पण तिचा फायदा त्याच्या स्वत:च्या टेबलावर दिसावा लागतो. अनेक सॉफ्टवेअरची अडचण इथेच होते. माहिती भरण्याचे कष्ट खालच्या माणसाचे आणि तक्ते पाहण्याची सोय वरच्याची.

दुसरी गोष्ट प्रतिष्ठेची. पंचवीस वर्षे नोकरी झालेला कारकून सही पाहून खातेदार ओळखत असे. नवे लोक त्याला विचारायला येत. संगणक आला आणि एका दिवसात हे उलटले : आता त्यालाच, ग्राहकांच्या देखत, मुलाच्या वयाच्या सहकाऱ्याला विचारायचे होते की पुढचे बटण कोणते. अशा माणसाचे 'जुनंच बरं होतं' हे वाक्य सॉफ्टवेअरविषयी नसतेच. जिथे काम सुरळीत झाले, तिथे त्याच्याच हुद्द्याचा कुणीतरी शेजारी बसून शिकवत होता, असे मला वारंवार सांगितले गेले. शिवाय लेजरमधल्या नोंदी संगणकात चढवताना कोणती शिल्लक चुकली, कोणती दोन खाती एकाच माणसाची, हे तपासायला हीच जुनी माणसे लागली. त्यांचे ज्ञान नव्या व्यवस्थेचा पाया ठरले, म्हणून ती व्यवस्था त्यांना परकी वाटली नाही.

तिसरी गोष्ट दुहेरी कामाची. काही काळ वहीही लिहायची आणि संगणकातही भरायचे. ही खबरदारी आवश्यकच असते. पण त्या काळात माणसे वाढवली नाहीत आणि वही कधी बंद होणार याची तारीख सांगितली नाही, तर दमलेला माणूस दोष सॉफ्टवेअरलाच देतो.

याचा अर्थ भीती निराधार होती, असा नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. प्रत्येक जण संगणकामुळे गेला असे म्हणता येणार नाही. पण संघटना पूर्वी विचारत होत्या तो प्रश्न खोटा नव्हता, एवढे यातून नक्की दिसते.

आज कार्यालयांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने येत आहेत आणि तीच दोन वाक्ये पुन्हा ऐकू येत आहेत. प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी वरिष्ठांनी चार प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत, असे मला या अभ्यासानंतर वाटते. या साधनाने कर्मचाऱ्याचे कोणते नकोसे काम कमी होईल? वाचलेल्या वेळाचे काय होणार? जुने काम नेमके कोणत्या दिवशी थांबेल? आणि ज्याला आजचे काम सर्वांत चांगले येते, त्याला उद्याच्या कामात कोणती जागा आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर प्रशिक्षणाचे दिवस दोनाचे दहा केले तरी फारसा फरक पडणार नाही.