पाचशे आवळे आणि पिष्टीचा हिशेब : क्रमिक नमुनाचयनाची रीत

चरकसंहितेतील च्यवनप्राशाच्या पाठात आवळे पाचशे नग सांगितले आहेत. बाजारात मात्र ते किलोवर मिळतात, आणि कलमी आवळा रानआवळ्याच्या कितीतरी पट भरतो. म्हणून फळाच्या वजनावरून पिष्टीचा अंदाज देणारी सरळ रेषा, म्हणजेच रेषीय प्रतिगमन किंवा रिग्रेशन, औषधनिर्मात्याच्या नित्य उपयोगाची आहे. फळ एका ग्रॅमने वाढले असता पिष्टी जितकी वाढते, तो या रेषेचा चढ. तो ठरविण्यासाठी किती फळे तपासावीत?

प्रस्तुत लेखकाने एकदा बारा फळे तपासली आणि उत्तर खरेदीच्या भावाला सोयीचे दिसताच काम थांबविले. पुढे पिष्टी कमी पडली, साखरेचे प्रमाण चढले आणि सबंध पाक वाया गेला. बारा फळे थोडी होतीच; पण थांबण्याचे कारण अधिक सदोष होते.

समजा, चढ ०.०२ ग्रॅमच्या आतबाहेर, ९५ टक्के विश्वासपातळीने हवा आहे. रेषेभोवतीच्या विखुरणीचे प्रमाण विचलन १.९६ ने गुणावे. प्रत्येक फळाचे वजन सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करावी, आणि तिच्या वर्गमूळाने आधीच्या गुणाकारास भागावे. उत्तर ०.०२ वा त्याहून कमी आले पाहिजे. फळांच्या वजनांचे प्रमाण विचलन १० ग्रॅम धरल्यास, विखुरणी १ ग्रॅम असता सुमारे ९७ फळे पुरतात. दीड ग्रॅम असता सुमारे २१७ लागतात. विखुरणी तर आधी ठाऊक नसते!

यावर उपाय असा की संख्या आधी न ठरविता थांबण्याचा नियम आधी ठरवावा. चार्ल्स स्टाइन यांनी १९४५ मध्ये दोन टप्प्यांची रीत दिली. १९६५ मध्ये चाउ व रॉबिन्स यांनी सरासरीसाठी, आणि त्याच वर्षी लिऑन ग्लेसर यांनी प्रतिगमनाच्या गुणांकांसाठी, क्रमाक्रमाने नमुने घेत जाण्याची रीत मांडली. ही हमी मोठ्या नमुन्यांसाठीच आहे. सुरुवातीस योगायोगाने विखुरणी अल्प दिसून फसगत होते. म्हणून निदान तीस फळे झाल्याखेरीज नियम लावू नये.

व्यवहारात प्रत्येक फळ तोलून वेगळ्या फडक्यात उकडावे, बी व धागे काढून पिष्टी तोलावी. तीस फळांनंतर दर दहा फळांमागे वरील भागाकार करावा व तो मर्यादेत येताच थांबावे. चढ किती आला, तो परवडतो की नाही, याचा थांबण्याशी संबंध ठेवू नये. लहान व मोठी फळे मुद्दाम निवडल्यास नमुने पुष्कळ वाचतात; एकाच आकाराच्या, ५ ग्रॅम विचलनाच्या फळांवर वरील ९७ ची संख्या सुमारे ३८५ होते. मात्र मधली फळे अजिबात वगळली, तर रेषा खरोखरच सरळ आहे की नाही, हे कळण्यास मार्ग उरत नाही.